दहावा माणूस

परंड्याच्या बाजारात एखाद्या कापड दुकानदाराला विचारून बघा, "तुमच्याकडे कामाला किती माणसं?" उत्तर एका आकड्यात येणार नाही. "चार पोरं, दोन पोरी, लग्नसराईत अजून दोघं-तिघं, आन् घरचे आम्ही तिघं." हा माणूस काही लपवत नाहीये. त्याला खरंच एक आकडा सांगता येत नाही, कारण तो आकडा महिन्यागणिक बदलतो. कायद्याला मात्र एकच आकडा लागतो, आणि बऱ्याच कायद्यांत तो आकडा दहा आहे.

माझं पीएचडीचं काम मोजणीतल्या चुकांवर चालतं. लोक वय सांगताना ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगतात. त्यामुळे जनगणनेच्या आलेखाला जी शिंगं फुटतात ती कशी ओळखायची, कशी दुरुस्त करायची, असं काहीतरी. (घरी अजून विचारतात, "म्हंजे नेमकं करतीस काय?" तर हेच.) 'दहा कामगार' या उंबरठ्यावरचं संशोधन मी वाचायला घेतलं ते आधी निव्वळ त्या हौसेपोटी. वाचता वाचता लक्षात आलं की या संशोधनाच्या नावावर जे सांगितलं जातं, ते संशोधनाने म्हटलेलंच नाही. आज त्याबद्दल. तुमचं स्वतःचं दुकान, वर्कशॉप, मंगल कार्यालय किंवा दवाखाना असेल तर मधला एक भाग थेट तुमच्या कामाचा आहे, तो तरी चुकवू नका.

आधी पार्श्वभूमी. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा सध्याचा कायदा २०१७ चा. १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्याकडे याला 'शॉप ॲक्ट' म्हणतात, आणि बहुतेकांना तो फक्त बँकेत चालू खातं उघडताना आठवतो. ई-सेवा केंद्रात जायचं, पावती काढायची, विषय संपला. पण या कायद्याच्या पोटात बरंच काही आहे: आठवड्याची सुट्टी, दिवसाच्या कामाच्या तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट मजुरी, वर्षाला ८ नैमित्तिक रजा, सणावाराच्या ८ भरपगारी सुट्ट्या, शिवाय दर वीस दिवस कामामागे एक दिवस अर्जित रजा. फक्त हे सगळं दहा किंवा जास्त कामगार असतील तरच. दहाच्या आतल्या दुकानदाराने नुसतं ऑनलाइन कळवायचं की बाबा, मी धंदा करतोय. गंमत म्हणजे त्याआधीच्या १९४८ च्या कायद्यात ही दहाची अट नव्हती. तो जिथे लागू होता तिथे एक नोकर ठेवणारा दुकानदारही त्यात यायचा. म्हणजे आपल्या राज्यातल्या दुकानांपुरता हा उंबरठा तसा नवा आहे.

आणि तोही आता हलवला आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने जो बदल मंजूर केला त्यात दहाच्या जागी वीस आले, आणि दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० झाले. कारण नेहमीचंच: धंदा करणं सोपं होईल, गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल. यामागचा तर्क साधा आहे आणि ऐकायला पटतोही. नऊ माणसांवर दुकान चालवणारा मालक दहावा माणूस घ्यायला घाबरतो, कारण दहावा आला की कायदा आला. उंबरठा वर सरकवला की भीती जाईल, दहावा, अकरावा, पंधरावा माणूस कामाला लागेल.

हा तर्क हवेतून आलेला नाही. त्यामागे मोठं संशोधन आहे, आणि त्यातला माझ्या मते सगळ्यात चांगला निबंध अमृत अमीरापू आणि मायकल गेक्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी २००५ ची आर्थिक गणना घेतली. आर्थिक गणना म्हणजे माणसांची नव्हे, धंद्यांची गणना: शेतीबाहेरचा प्रत्येक धंदा, मग तो कारखाना असो की पानटपरी, आणि त्यात काम करणारी माणसं.

त्यांनी काय केलं ते समजून घेऊ. एका कागदावर आडव्या रेषेवर कामगारांची संख्या मांडा: १, २, ३... १०० पर्यंत. उभ्या रेषेवर तेवढे कामगार असलेले धंदे किती ते मांडा. दोन्हीकडे साधं माप न घेता लॉगरिदमचं माप घ्या, म्हणजे १ ते १० आणि १० ते १०० यांना कागदावर सारखीच जागा मिळेल. असं केलं की एक सुंदर गोष्ट दिसते. ठिपके जवळजवळ एका सरळ उतरत्या रेषेवर बसतात. एका माणसाचे धंदे अमाप, दोघांचे त्याहून कमी, पाचांचे आणखी कमी, एका लयीत. शहरांची लोकसंख्या, भूकंपांची तीव्रता यांचे आलेखही असेच उतरतात. भारताच्या आलेखात मात्र दहावर एक पायरी दिसते. नऊपर्यंत रेषा एका पातळीवर उतरत येते, आणि दहापासून पुढे तशाच उताराने, पण खालच्या पातळीवर चालू राहते. जणू कोणीतरी पुढचा सगळा भाग थोडा खाली ढकलला.

याचा अर्थ असा लावतात: दहा ओलांडलं की माणूस ठेवणं महाग पडतं. मग ज्याचा धंदा एरवी अकरा-बाराचा झाला असता तो नऊवर थांबतो, आणि ज्याचा तीसचा झाला असता तोही थोडा आखडतो. पायरी किती उंच आहे त्यावरून उलटा हिशोब करून खर्च किती वाढला ते काढता येतं. त्यांचं उत्तर आलं ३५ टक्के. उंबरठा ओलांडला की दर माणसामागचा खर्च ३५ टक्क्यांनी वाढतो.

हा आकडा एकट्याने ऐकला तर कुणीही म्हणेल, मोडीत काढा असले कायदे. म्हणूनच तो जरा उलगडून बघायला हवा.

कागदावरचा कायदा मालकाला नेमका किती महाग पडत होता? २००५ साली ईएसआय म्हणजे कामगार विम्यात मालकाचा वाटा ४.७५ टक्के होता (जुलै २०१९ पासून तो ३.२५ आहे). ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार; महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १५ भागिले २६, त्याला भागिले १२, साधारण ४.८ टक्के. बोनस किमान ८.३३ टक्के. खरं तर तो दुकानांना दहाला नाही, वीसला लागतो, पण मालकाच्या बाजूने हात सैल सोडून तोही धरू. कारखान्यातली अर्जित रजा, वीस दिवसांना एक, म्हणजे ५ टक्के. सगळी बेरीज २३ च्या आत. तीही फुगवलेली, कारण ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकलेल्यालाच मिळते आणि आपल्याकडे दुकानात पाच वर्षं टिकतं कोण?

मग ३५ मधले उरलेले किमान १२ टक्के कुठे गेले? कायद्याच्या एकाही कलमात ते बसत नाहीत. याचा धागा निबंधातच आहे. हा खर्च आणि भ्रष्टाचार एकमेकांसोबत वाढताना दिसतात, असं लेखकांनी दाखवलं आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, हे मला तरी विसरून चालणार नाही. पण त्या निबंधाचं नावच मुळी भ्रष्टाचाराच्या किमतीबद्दल आहे. दहावा माणूस घेणाऱ्याला धास्ती असते ती रजिस्टर बघायला येणाऱ्या साहेबाची, एजंटाच्या फीची, कुठल्या तरी खणात अडकलेल्या कागदाची. परंड्याच्या भाषेत, "दहावा घ्यायचाच कशाला? नसती पीडा मागं लागती." या पीडेत सुट्टीची किंमत किती आणि साहेबाची किती, हे वेगळं केल्याशिवाय ३५ टक्क्यांवरून कुठलाच कायदा जोखता येत नाही.

आणि २०२५ च्या बदलाने नेमकं काय काढून घेतलं? दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानातल्या कामगाराच्या ८ नैमित्तिक रजा, ८ सणाच्या सुट्ट्या, चौदा-पंधरा दिवस अर्जित रजा. म्हणजे वर्षाला तीसेक भरपगारी दिवस, वर्षभराच्या कामाच्या दहा टक्क्यांच्या आत. शिवाय या कायद्याने दिलेली आठवड्याची सुट्टी. दुखणं चिरीमिरीचं आणि कापली रजा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

निबंधाबद्दल माझी स्वतःची एक शंकाही सांगते, कारण नुसतं कौतुक करायला मी बसलेली नाही. पायरीची उंची मोजायची तर कायदा नसता तर रेषा सरळच राहिली असती हे गृहीत धरावं लागतं. पण त्या कापड दुकानदाराचं उत्तर आठवा. आर्थिक गणनेत मालक आणि घरची बिनपगारी माणसंही 'काम करणारी' म्हणून मोजली जातात. कायदा मोजतो तो नेमलेली माणसं. दहाचा आकडा दोन्हीकडे तोच, माणसं तीच नाहीत. सहा पगारी आणि तीन घरचे असा नऊचा धंदा कायद्याच्या हिशोबात सहाचाच आहे. त्याला दहाव्याची भीती असायचं कारण काय? शिवाय घरच्या माणसांवर चालणारे धंदे आणि पगारी माणसांवर चालणारे धंदे ही मुळात दोन वेगळी कुळं आहेत. दोन कुळं एका रेषेत मिसळली की रेषेला कुठेतरी बाक येणारच. त्यात गणना करणाऱ्याला मालक "दहाएक" म्हणाला की तो १० लिहून मोकळा. चुकीच्या नोंदींचा विचार लेखकांनी केला आहे आणि बाकाने पायरी तयार होत नाही, म्हणून पायरी खरी आहे हे मी मान्य करते. पायरीच्या उंचीवर, म्हणजे त्या ३५ वर, माझा भरवसा त्याहून कमी आहे.

या विषयात अशी उदाहरणं आधीही झाली आहेत. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा २००४ चा निबंध पुढे कामगार कायद्यांवरच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेत हजर असायचा. राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्या 'कामगारांच्या बाजूच्या' आणि 'मालकांच्या बाजूच्या' अशा वर्गात टाकायच्या आणि मग कुठल्या राज्यात कारखानदारी वाढली ते बघायचं. निष्कर्ष: कामगारांची बाजू घेणारी राज्यं मागे पडली. दोन वर्षांनी आदित्य भट्टाचार्जी यांनी त्या दुरुस्त्या एकेक करून वाचल्या. गुजरात 'कामगारांच्या बाजूचं' ठरलं होतं ते १९७३ च्या एका दुरुस्तीवरून: संयुक्त व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड. पन्नास रुपये! तेवढ्यावर एक अख्खं राज्य एका रकान्यात. आकडेमोड निर्दोष असते हो, रकान्यात काय भरलं ते बघायचं राहून जातं.

फ्रान्समध्ये मात्र हे सगळं फार स्वच्छ दिसतं. तिथे पन्नास कामगारांवर बरेच नियम लागतात, आणि ४९ वर कंपन्यांची गर्दी आहे, ५० वर एकदम शुकशुकाट. गारिकानो, ललार्ज आणि व्हॅन रीनन यांचा २०१६ चा निबंध त्यावर आहे. पण भारत, इंडोनेशिया आणि मेक्सिको या तीन देशांचे आलेख तपासून शे आणि ओल्केन यांनी २०१४ सालीच सांगितलं होतं की इथे उंबरठ्यापाशी नाव घ्यावं इतकी गर्दी नाही. धंद्यांचा ढीग आहे तो अगदी तळाशी, आणि तिथून वर जाताना सगळेच विरळ. आपल्या सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ साली, दहा किंवा जास्त माणसांचे धंदे शंभरात दीडसुद्धा भरले नव्हते. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव धंद्यांना दहाच्या कायद्याने रोखलंय म्हणणं म्हणजे ज्याने घाट चढायलाच घेतला नाही तो घाटामुळे थांबला म्हणण्यासारखं आहे.

परंड्यात तर कारण डोळ्यांसमोर आहे. इथला बाजार हलतो तो उसाचं बिल निघालं की, सोयाबीन विकलं की, लग्नसराई लागली की. मोठी खरेदी असेल तर लोक सरळ बार्शी गाठतात. चार महिने गिऱ्हाईक आणि आठ महिने माशा, अशा बाजारात बारमाही दहावा माणूस ठेवायचा तो कशाच्या जिवावर? कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय धाराशिवला, बार्शी ओलांडून पलीकडे. त्याची भीती इथे वाटायला तो आधी इथवर यायला हवा.

आता तो मालकांच्या कामाचा भाग. "आता वीसपर्यंत काही नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित तुमच्या एजंटानेच ऐकवलं असेल. ते चूक आहे, आणि महागात पडणारी चूक आहे. वीसचा आकडा फक्त शॉप ॲक्टचा. ग्रॅच्युइटी दहालाच लागते, आणि एकदा लागली की नंतर माणसं कमी केली तरी लागूच राहते. नऊचं रजिस्टर दाखवून सुटका नाही. ईएसआय जिथे लागू आहे तिथे तोही दहालाच. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा: दहा माणसं झाली की अंतर्गत समिती हवी, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. भविष्य निर्वाह निधी वीसला. आणि काही गोष्टींना उंबरठाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेचं किमान वेतन एका माणसालाही द्यावं लागतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला तर कामाच्या दोन दिवसांत हिशोब चुकता. सारख्या कामाला बाईला कमी पैसे देता येत नाहीत. चौदा वर्षांखालचं लेकरू कामावर ठेवायचं नाही, मग दुकानात एकच माणूस का असेना. तुमच्याकडे सहाच माणसं असतील आणि त्यातल्या एकीला त्रास झाला, तर तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तक्रार घेऊन सात दिवसांत पुढे पाठवायला तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायचा असतो. तो अधिकारी कोण, याची पाटी मी तालुक्यातल्या एकाही दुकानात पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगितली गेली आणि ती तितकीशी खरी नाही: "आता प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र." नेमणूक पत्राचं कलम आहे सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत, आणि त्या संहितेत 'आस्थापना' या शब्दाची व्याख्याच दहा कामगारांपासून सुरू होते. म्हणजे प्रत्येक कामगार हा नववा आहे की दहावा, यावर त्याचं 'प्रत्येक' असणं ठरतं. माझ्या ओळखीची एक मुलगी इथल्या एका दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ साड्या उलगडून दाखवते. दुकानात सात माणसं. पत्र नाही, रजा म्हणजे बिनपगारी, स्टूल नाही. (दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायची तरतूद केरळने २०१८ मध्ये केली, तमिळनाडूने २०२१ मध्ये. त्यामुळे तिथली कापड दुकानं ओस पडल्याचं ऐकिवात नाही.) तिच्या बाजूने एक कलम निघतं ते वेतन संहितेत: किमान वेतन ठरलेल्या कामांत सातातला एक दिवस विश्रांतीचा ठेवायची तरतूद सरकार करू शकतं, आणि त्याला दहाची अट नाही. दार आहे, कडी सरकारच्या हातात.

इथवर दुकानं झाली. पण आपल्या तालुक्यात माणसं मोजायचा खरा प्रश्न दुकानात नाही, फडात आहे. इथून ऊसतोडीला जाणारेही आहेत आणि इथे तोडीला येणारेही. तिथे मोजमाप माणसाचं नसतंच, 'कोयत्या'चं असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा आला तर अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, व्यवहार नवऱ्याच्या नावाने होतो, खाडा पडला तर कापला जातो तोही जोडीचा. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं, आणि कागद बघाल तर बऱ्याचदा एकच सही: मुकादमाची. तीही वाहतूकदाराशी झालेल्या करारावर, कारखान्याशी नव्हे. आता कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पन्नासला लागतात. चाळीस माणसांचा मुकादम पन्नासच्या आत. कारखाना म्हणतो ही माझी माणसं नव्हेत, वाहतूकदार म्हणतो मुकादमाची, मुकादम स्वतःच उचलीत बुडालेला. शेकडो माणसं एका कारखान्यासाठी राबतात आणि कुठल्याच मालकाच्या खात्यात ती दहासुद्धा भरत नाहीत. त्या आलेखावर त्यांचा ठिपका शोधायचा तर कुठे शोधणार? दहावर पायरी आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारताच येत नाही, कारण ती रेषेवरच नाहीत.

आणि कोयत्यातली बाई तर वीसच्या मोजणीतही नाही. ती अर्ध्याची अर्धी.

हे असंच असावं लागतं असंही नाही. लैंगिक छळाविरुद्धचा तोच २०१३ चा कायदा काढून 'कर्मचारी' कोणाला म्हटलंय ते वाचा. कायम, हंगामी, रोजंदारीवरची. थेट नेमलेली किंवा कंत्राटदारामार्फत आलेली. मुख्य मालकाला माहीत असो वा नसो. पगार मिळत असो वा नसो. या व्याख्येत कोयत्यातली बाई पूर्ण एक माणूस आहे. मालकाला ठाऊक नसलेला माणूसही मोजता येतो, हे याच देशाच्या संसदेने लिहून ठेवलंय. मग रजेच्या, मजुरीच्या, नेमणूक पत्राच्या वेळी मोजणी इतकी काटकसरीची का होते, याचं उत्तर मला कुठल्याही आलेखात सापडलं नाही.

दहाऐवजी वीस केल्याने रोजगार वाढतो की नाही, हे तपासता येईल, आणि त्यासाठी माझ्यासारखीला फार काही लागत नाही. पुढची आर्थिक गणना पुरे. भीती शॉप ॲक्टचीच असेल तर महाराष्ट्रातल्या दुकानांपुरती दहावरची पायरी पुसट व्हायला हवी आणि वीसवर नवी दिसायला हवी. भीती ग्रॅच्युइटीची, ईएसआयची किंवा साहेबाची असेल तर पायरी आहे तिथेच राहील. शेजारच्या कर्नाटकाचा आलेख बाजूला ठेवून बघता येईल, म्हणजे बदल इथलाच आहे की सगळीकडचा ते कळेल. फक्त एक अट: गणना करणाऱ्याने पगारी माणसं आणि घरची माणसं दोन वेगळ्या रकान्यांत नीट लिहायला हवीत, आणि मालक "दहाएक" म्हणाला तर पुन्हा एकदा विचारायला हवं, "एकेकाची नावं सांगा." तुमच्या दुकानात तो आला तर कृपा करून नावं सांगा. लग्नसराईतल्या त्या दोघी-तिघींचीसुद्धा.